रूळ जुने, केंद्र नवे

खेळण्यातील आगगाडी म्हटली की आपल्याकडे चावीची, पत्र्याची, गोल रुळांवर चार फेऱ्या मारून थांबणारी गाडी डोळ्यांपुढे येते. जर्मनीत मात्र या शब्दामागे एका शतकाहून अधिक काळाची परंपरा उभी आहे. मेर्क्लिन या कंपनीने १८९१ साली लाइप्झिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची योजना मांडली, आणि त्या दिवसापासून ही गाडी केवळ खेळणे राहिली नाही. ती वर्षानुवर्षे वाढवत नेण्याची वस्तू झाली. यंदा नाताळला इंजिन घ्यावे, पुढल्या वर्षी दोन डबे, त्यापुढे एखादा सांधा. आज घेतलेला डबा उद्याच्या रुळांवर चालला पाहिजे, हा या छंदाचा पहिला नियम. आम्ही ज्या निवडीची हकीकत येथे सांगणार आहोत, तिच्या मुळाशीही हाच नियम आहे.

रुळांच्या अनेक मापांपैकी सर्वांत रूढ माप म्हणजे 'हा-नुल', अर्थात 'अर्धा शून्य'. यात प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची असते आणि रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. युरोपातील बहुतेक लोहमार्गांचे १४३५ मिलिमीटरचे अंतर या प्रमाणात अचूक बसते. आपल्या वसई रोडवरून धावणाऱ्या गाडीचे रूळ १६७६ मिलिमीटर रुंद. त्यांची काटेकोर प्रतिकृती करायची तर एकोणीस मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर ठेवावे लागेल. हा छंद आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असेही नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. ते पाहून आलेल्या वाचकांना आमचे पुढील वर्णन समजण्यास जड जाऊ नये.

सेवेनिमित्त आमचे काही वर्षे दक्षिण जर्मनीतील एका लहान गावी वास्तव्य होते. तेथील धर्मग्रामाच्या सभागृहाखाली एक तळघर आहे. त्या तळघरात सुमारे आठ मीटर लांबीची एक मांडणी आहे: एक स्थानक, दोन बोगदे, एक दगडी पूल, चव्वेचाळीस सांधे आणि एकतीस इंजिने. ज्या गृहस्थांनी ती १९९० नंतरच्या दशकात उभारली, ते २०११ साली वारले. त्यानंतर सात जणांचे एक मंडळ ती सांभाळू लागले आणि पुढे त्यांच्या आग्रहावरून आम्हीही त्यात सामील झालो. दर शुक्रवारी संध्याकाळी गावातील मुले तेथे जमत. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मांडणी सर्वांसाठी खुली होई, आणि त्या दिवशीच्या कॉफी व केकच्या विक्रीतून वर्षाचा खर्च निघे.

अशी मांडणी चालते कशी, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. जुन्या पद्धतीत रुळांत जितकी वीज सोडावी तितक्या वेगाने इंजिन धावे. रुळावर दोन इंजिने असली की दोन्ही धावणार. एकास थांबवायचे तर रुळाचा तेवढा तुकडा वेगळा करून त्याची वीज तोडावी लागे. अंकीय पद्धतीने ही अडचण दूर केली. रुळांत वीज सदैव असते, आणि त्या विजेतूनच आज्ञा धावतात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाचा एक चिमुकला फलक असतो व त्याला स्वतःचा क्रमांक असतो. नियंत्रण-केंद्र जणू टपाल पाठवते: 'क्रमांक १२, पुढे, वेग अमुक.' पत्र सर्वांना पोहोचते. परंतु ज्याचा पत्ता असेल तोच ते उघडतो. ही पत्रे विजेच्या लहानमोठ्या ठोक्यांनी लिहिलेली असतात. सेकंदाच्या दहा लाखांश भागास एक मायक्रोसेकंद म्हणतात. ठोक्याचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो 'एक', आणि सुमारे शंभर किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा असेल तर 'शून्य'. रुळांवरील धुळीमुळे एखादे पत्र गहाळ झाले तरी बिघडत नाही, कारण केंद्र तीच आज्ञा पुनःपुन्हा पाठवीत राहते.

आरंभी प्रत्येक कंपनीची पत्रे स्वतंत्र भाषेत लिहिलेली असत. एका घराण्याचे इंजिन दुसऱ्याच्या केंद्राचे ऐकत नसे. पुढे अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या हौशी लोकांच्या संस्थेने, जिची स्थापना १९३५ सालची, जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेली एक सामाईक भाषा १९९४ च्या सुमारास प्रमाण म्हणून स्वीकारली. तीच डी.सी.सी. होय. तिचे नियम सर्वांना खुले राहिले. आमच्या तळघरातील मांडणी याच भाषेवर उभारलेली होती, आणि हे तिच्या कर्त्याचे आम्हां सर्वांवर मोठे उपकार ठरले.

२०१८ सालच्या सप्टेंबरात जुन्या नियंत्रण-केंद्राने मान टाकली. पाव शतकाच्या आसपास अखंड सेवा केलेल्या त्या पेटीला दोष देणे न्यायाचे नव्हते. परंतु तिची अखेर शांतपणे झाली नाही. एका शुक्रवारी तिच्यातून ठोक्यांऐवजी नुसतीच सरळ वीज रुळांत गेली. पुष्कळ डिकोडरांत अशी सोय असते की आज्ञा न येता सरळ वीज आली तर आपण जुन्या पद्धतीच्या रुळावर आहोत असे समजून त्यांनी धावू लागावे. त्यामुळे स्थानकात उभी असलेली पाच इंजिने एकाएकी पूर्ण वेगाने सुटली. एक पुलावरून खाली आले, दोन बोगद्यात एकमेकांवर आदळली. मुले हसली, परंतु आमच्यातील वृद्ध सभासदाचा चेहरा पांढरा पडला.

हे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभा जन्म त्यांनी खऱ्या रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये काढलेला. तारांनी ओढायच्या लोखंडी तरफा त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ चालविल्या. मुले त्यांना आजोबा म्हणत, आणि आम्हीही येथे त्यांचा उल्लेख तसाच करू. त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि बोटांना कंप होता. तथापि मांडणीतील स्थानकाचा कारभार त्यांच्याच हाती असे.

दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडली आणि तिच्यातील एक भाग आता कोठेही मिळत नाही असे सांगून परत केली. नवे केंद्र घेणे भाग होते. शिलकीत सहाशे युरो होते, आणि मंडळात मतांचे तीन तट होते. आम्ही कोणत्याच तटाचे नव्हतो, म्हणून सर्वांचे ऐकून घेऊन एक टिपण करावे असे आम्हांस सांगण्यात आले.

पहिले मत गावच्या शाळेतील भौतिकशास्त्राच्या शिक्षकांचे. त्यांना ई.एस.यू. कंपनीचे ईकॉस हवे होते. रंगीत पडदा, त्यावर मांडणीचा संपूर्ण नकाशा, पेटीवरच वेगासाठी दोन नॉब, आणि डी.सी.सी.खेरीज इतरही भाषांचे ज्ञान. यंत्र खरोखरच देखणे. परंतु किंमत शिलकीबाहेर जात होती, आणि आमची सगळी अंकीय इंजिने एकच भाषा बोलणारी. ज्या भाषा आपल्या घरी कोणी बोलत नाही, त्यांच्यासाठी पैसे का मोजावेत, असा प्रश्न उभा राहिला. शिवाय नॉब पेटीवरच असल्याने चालकाने पेटीजवळच उभे राहावयाचे. आमची मांडणी आठ मीटरांची.

दुसरे मत एका सव्वीस वर्षांच्या वीजतंत्रज्ञाचे. त्याचे म्हणणे, विकत काहीच घेऊ नये. आर्डुइनो नावाच्या स्वस्त फलकावर चालणारे डी.सी.सी.चे खुले केंद्र २०१५ पासून उपलब्ध आहे. ते आपण स्वतः बांधू. यात पैसा वाचत होता आणि स्वावलंबन होते. तेव्हा मंडळाच्या खजिनदार बाई बोलल्या. ज्यांनी मांडणी उभारली त्यांच्याच या पत्नी. त्या म्हणाल्या, "तू बांधशील हे खरे. उद्या नोकरीसाठी तू म्युनिकला गेलास की तुझी पेटी कोण उघडणार? माझे यजमान गेले तेव्हा कोणती तार कोठे जाते हे शोधण्यात मी दोन वर्षे घालवली." तो तरुण गप्प झाला, रागावला मात्र नाही.

तिसरा पर्याय रोको कंपनीचा झेड-२१. हा २०१२ साली बाजारात आलेला एक काळा डबा. त्याला पडदा नाही, नॉब नाही. आज्ञा द्यायच्या त्या बिनतारी मार्गाने मोबाइल फोनवरून किंवा टॅब्लेटवरून. मुलांना हा पर्याय अर्थातच प्रिय. किंमतही आवाक्यातली.

येथे आजोबांचा प्रश्न आला. ते स्वतः काही बोलले नाहीत. आम्ही एका संध्याकाळी त्यांच्या हाती टॅब्लेट देऊन शेजारी बसलो. काचेवर वेगाची एक पट्टी होती. तिच्यावर बोट सरकवायचे. त्यांचे बोट कापे आणि इंजिन उडी मारे. पट्टी कोठे आहे हे पाहण्यासाठी त्यांना मान खाली घालावी लागे, आणि तेवढ्यात गाडी सांध्यावर पोहोचलेली असे. त्यांनी टॅब्लेट परत दिला व म्हणाले, "केबिनमध्ये तरफ माझ्या हातात असे आणि डोळे गाडीवर. हात पाहायला लागलो असतो तर मी माणसे मारली असती."

या एका वाक्याने आमच्या टिपणाची दिशा ठरली. आम्हांस वाटते, नियंत्रणाचे साधन चांगले की वाईट हे त्यात किती सोयी आहेत यावरून ठरू नये. ते वापरताना माणसाची नजर कोठे राहते, यावरून ठरावे. काचेवर बोट ठेवण्यासाठी डोळा लागतो. नॉब बोटांनाच सापडतो. तरुणांच्या ते ध्यानात येत नाही, कारण त्यांचे डोळे एकाच वेळी दोन ठिकाणी धावतात. म्हाताऱ्या माणसाला निवड करावी लागते.

तेव्हा आम्ही प्रश्न बदलला. कोणते केंद्र घ्यावे, यापूर्वी हातात काय असावे ते ठरवावे. आणि येथे सामाईक भाषेची मर्यादाही कळून आली. डी.सी.सी.चे प्रमाण रुळांपुरते आहे. केंद्राकडून इंजिनाकडे जाणारे पत्र सर्वांचे सारखे. परंतु हातातील नियंत्रकाकडून केंद्राकडे जाणारा निरोप प्रत्येक घराण्याचा आपापला. कोणाचे लोकोनेट, कोणाचे एक्सप्रेसनेट. आमचे सहा जुने हातनियंत्रक, ज्यांच्या नॉबवरचा रंग बोटांनी पुसून गेला होता, ते नव्या पर्यायांपैकी कोणाशीच बोलू शकत नव्हते. विकत घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे: जाहिरातीत 'प्रमाणित' असे लिहिलेले असते ते रुळांविषयी. हाताविषयी वेगळे विचारावे लागते.

झेड-२१ ला रोकोचेच नॉब असलेले हातनियंत्रक जोडता येतात. डबा एक आणि असे नियंत्रक तीन, एवढे शिलकीत बसत होते. आजोबांनी दुकानात नॉब फिरवून पाहिला, डोळे मिटून पुन्हा फिरवला, आणि मान डोलावली. शिक्षकांनी नकाशाचा हट्ट सोडला, कारण तो टॅब्लेटवर मिळणार होता. वीजतंत्रज्ञाला जोडणीचे सगळे काम देण्यात आले.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी जुनी पेटी काढून नवी बसविली. आम्हांस भीती होती की एकेका इंजिनाची नव्याने ओळख करून द्यावी लागेल. तसे झाले नाही. इंजिनाचा क्रमांक केंद्रात नसतो, तो इंजिनाच्या स्वतःच्या डिकोडरमध्ये लिहिलेला असतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिकोडराने अगदी नव्या केंद्राची पहिलीच हाक ऐकली आणि इंजिन हलले. सांध्यांनी मात्र थोडी गंमत केली. त्यांच्या क्रमांकांची मोजणी सर्व कंपन्या एकाच ठिकाणाहून सुरू करीत नाहीत. काही घराण्यांत ती चाराने सरकते. पहिला सांधा हलवावा तर पाचवा हाले. आजोबांनी ते खडखडाटावरूनच ओळखले आणि केंद्रातील मांडणी बदलल्यावर सगळे मार्गी लागले.

एक प्रश्न मात्र उरला होता, आणि तो सर्वांत नाजूक होता. आमच्या एकतीस इंजिनांपैकी तीस अंकीय होती. एकतिसावे आजोबांचे स्वतःचे: ऐंशी वर्गाचे काळे, ठेंगणे शंटिंग इंजिन, त्यांच्या वडिलांनी दिलेले. त्यात डिकोडर नव्हता. जुन्या केंद्रात एक युक्ती होती. क्रमांक शून्य असा पत्ता दिला की केंद्र 'शून्या'च्या ठोक्याची एक बाजू लांबवी. त्यातून थोडी सरळ वीज शिल्लक राही आणि बिनडिकोडरचे एखादे इंजिन त्यावर धावे. पुष्कळ नव्या केंद्रांत ही सोय ठेवलेली नाही. आम्ही पाहिलेल्या पर्यायांतही ती आम्हांस आढळली नाही. निवडीच्या वेळी हे आम्ही आजोबांना स्पष्ट सांगितले होते. त्यांचे उत्तर, "एका इंजिनासाठी तीस अडवू नका. ते माझ्या कपाटात राहील." मंडळाने निर्णय घेतला, परंतु त्या दिवशी कोणी केक खाल्ला नाही.

तरुण वीजतंत्रज्ञ त्यानंतर दोनदा त्यांच्या घरी गेला. डिकोडर बसवू, असे त्याने सुचविले. आजोबा म्हणाले, "वडिलांच्या वस्तूला आरी लावायची नाही." त्याने वाद घातला नाही. फक्त एवढेच विचारले, "जुन्या केंद्रावर उभे असताना हे इंजिन गुणगुणत असे, आठवते?" आजोबांना चांगले आठवत होते, त्यांना ते इंजिनाचे श्वास घेणे वाटे. मुलगा म्हणाला, "ती मोटर तापत होती, आजोबा. उभी असतानाही ठोके तिच्यातून जात होते. आणखी काही वर्षांत ती जळाली असती."

आठवड्याभराने आजोबा स्वतः तळघरात आले. इंजिन हातरुमालात गुंडाळलेले होते. म्हणाले, "कापायचे नाही. बाकी काय ते कर. आणि जे काढशील ते फेकू नकोस."

आम्ही ते काम पाहत बसलो होतो. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश बहुधा सांगाड्याशीच जोडलेला असतो. तो आधी वेगळा करावा लागतो, नाही तर नवा डिकोडर क्षणात जळतो. मुलाने पातळ प्लॅस्टिकचा तुकडा घालून तो वेगळा केला. मग तारांना डाख दिला: लाल उजव्या रुळाकडे, काळी डाव्या रुळाकडे, नारिंगी आणि करडी मोटरकडे. आरी कोठेही लागली नाही. काढलेला तांब्याचा लहानसा तुकडा त्याने पाकिटात घालून आजोबांच्या हाती दिला. क्रमांक कोणता ठेवायचा असे विचारल्यावर ते जरा थांबून म्हणाले, "ऐंशी. त्याच्या वर्गाचाच."

इंजिन पूर्वी दचकून सुटे. आता ते इतके हळू निघाले की चाकाचे आरे मोजता यावेत. आजोबांनी नॉब एकेक घर पुढे नेला. त्यांच्या बोटांचा कंप होताच. पण नॉबच्या प्रत्येक घराला ठाम थांबा होता आणि इंजिन डगमगले नाही. त्यांचे डोळे गाडीवर होते.

त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार २ डिसेंबरला आला. गर्दी नेहमीसारखीच झाली. काही मुले फोनवरून गाड्या चालवीत होती, कारण तेथे इंजिनाचे चित्र दिसते. काहींना नॉबच आवडला. कोण बरोबर, हा प्रश्न कोणी काढला नाही. दोन्ही आज्ञा एकाच डब्यात जात होत्या.

खजिनदार बाईंनी मात्र एक अट घातली होती आणि ती आम्ही जर्मनी सोडण्यापूर्वी पुरी केली. एका जाड वहीत प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, प्रत्येक सांध्याचा पत्ता, कोणती तार कोठे जाते आणि ती चाराची भानगड कशी सोडवली, हे सर्व हाताने लिहून ठेवले. वही तळघरातील कपाटात, जुन्या केंद्राच्या शेजारी आहे. नवे केंद्रही एक दिवस बंद पडेल. तेव्हा जो कोणी ते बदलायला येईल, त्याने पहिले पान उघडावे. तेथे बाईंच्या सांगण्यावरून आम्ही एवढेच लिहिले आहे: 'विकत घेण्यापूर्वी, जो चालवणार आहे त्याच्या हातात देऊन पाहा.'